लवचीक कचेरी कोणासाठी?

गेल्या पाचसहा वर्षांत ‘कचेरी’ या शब्दाचा अर्थ जेवढा पालटला तेवढा त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत पालटला नव्हता. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी अंमलात आली, आणि ज्या कामासाठी माणसाने ठरल्या वेळी ठरल्या खुर्चीवर हजर असणे अपरिहार्य मानले जात होते त्यातील पुष्कळसे काम जेवणाच्या टेबलावरून आणि झोपण्याच्या खोलीतील कोपऱ्यातून पार पडू लागले. साथ ओसरली, परंतु मोडलेली घडी पुन्हा पूर्वीसारखी बसली नाही. आठवड्यातील काही दिवस कचेरीत आणि काही दिवस घरी, असा एक तह मालक आणि नोकर यांच्यात ठिकठिकाणी झालेला दिसतो. त्याला ‘हायब्रिड’ असे नाव पडले आहे. आपण त्यास संमिश्र कामकाज म्हणावयास हरकत नाही. या तहाच्या पोटी वास्तुरचनेचा एक नवा संप्रदायही जन्मास आला आहे. सरकत्या भिंती, चाकांवरची कपाटे, कोणाच्याही नावाची नसलेली टेबले आणि दूरस्थ बैठकांसाठी बंदिस्त लहान खोल्या, अशा मांडणीस ‘लवचीक कचेरी’ म्हणतात.

मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींत चाललेली ही चर्चा आम्ही आज नंदुरबार जिल्ह्यात नेऊ इच्छितो. वाचकांना याचे थोडे नवल वाटेल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास वस्ती असलेला आणि त्यातील शेकडा ६९ लोक आदिवासी असलेला हा जिल्हा. तेथे सरकत्या भिंतींचे काय काम, असे कोणीही विचारील. परंतु कोणत्याही सुधारणेची पारख ती जेथे सोयीची असते तेथे होत नसते. जेथे गैरसोय अधिक तेथेच तिचा कस लागतो.

प्रथम या संप्रदायाचा इतिहास पाहू. कचेरीच्या आखणीत मोकळेपणा आणण्याची कल्पना आजची नव्हे. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत ओळीने मांडलेली टेबले मोडून, कामाच्या ओघाप्रमाणे माणसे बसवावीत, असा विचार पुढे आला. अमेरिकेत १९६४ साली हर्मन मिलर कंपनीने रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या अभ्यासावरून ‘ॲक्शन ऑफिस’ नावाची रचना बाजारात आणली आणि १९६८ साली तिची सुटसुटीत आवृत्ती निघाली. काम करणाऱ्याने आपल्या गरजेनुसार आपली जागा घडवावी, हा प्रॉप्स्ट यांचा हेतू. परंतु मालकवर्गाने त्या हलत्या आडभिंतींत थोडक्या जागेत पुष्कळ माणसे बसविण्याची युक्ती तेवढी पाहिली. आणि जे साधन मुक्ततेसाठी निघाले होते त्यातून जगभर खुराडी उभी राहिली. पुढे १९९० नंतरच्या दशकात ‘शायट-डे’ या अमेरिकन जाहिरात संस्थेने नावाची टेबलेच काढून टाकण्याचा प्रयोग केला. माणसे जागा शोधीत हिंडू लागली, आपले कागद मोटारीच्या डिकीत ठेवू लागली, आणि ते दशक संपण्यापूर्वीच तो प्रयोग गुंडाळावा लागला. लवचीकपणाचा लाभ कोणाला व्हावयाचा, हे आधी ठरविले नाही, तर तो ज्याच्या हाती जागेची किल्ली असते त्यालाच होतो, हा त्या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ आहे.

म्हणून संमिश्र कामकाज हेच मुळी थोतांड आहे, असे मात्र नव्हे. २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चीनमधील एका मोठ्या प्रवासविषयक कंपनीतील सोळाशेंहून अधिक कर्मचाऱ्यांवर तो केलेला होता. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामात उणेपणा आढळला नाही, उलट नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० साली असे जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत आपल्या नोकरवर्गापैकी चौथा हिस्साच एका वेळी कचेरीत असला म्हणजे पुरेल. त्याच कंपनीने २०२३ साली सर्वांना पाचही दिवस कचेरीत बोलाविले. एकीकडे शास्त्रीय पुरावा, दुसरीकडे व्यवहाराचा अनुभव. दोहोंचा मेळ अद्याप बसावयाचा आहे.

तो न बसण्याचे एक कारण साध्या अंकगणिताचे आहे. दहा कारकुनांनी आठवड्याच्या पाच दिवसांपैकी तीन दिवस कचेरीत यावयाचे, तर सहा टेबले पुरतील, असे हिशेबनीस सांगतो. सरासरी म्हणून ते बरोबर आहे. परंतु माणसे सरासरीने येत नसतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवार किंवा शुक्रवार घरी काढावा, ही इच्छा दहांपैकी आठांना तरी होणारच. मग बुधवारी सहा टेबलांभोवती दहा माणसे उभी राहतात आणि शुक्रवारी सहाही टेबले धूळ खातात. सरासरीवर आखलेला पूल पुरात वाहून जातो. कचेरीही गर्दीच्या दिवसावर आखावी लागते; अथवा दिवसांची वाटणी आधी करावी लागते. दिवसांची वाटणी हा सुतारकामाचा विषय नव्हे, तो शिस्तीचा विषय आहे. वेळापत्रक लवचीक नसेल तर नुसत्या टेबलांना चाके लावून काय होणार?

आता नंदुरबारकडे वळू. संमिश्र कामकाज तेथे नव्याने आणावयाचे आहे, ही समजूतच मुळी चुकीची आहे. ते तेथे फार पूर्वीपासून रुजलेले आहे. फक्त त्याला ते गोंडस नाव नव्हते. दुर्गम भागात नेमणूक झालेल्या नोकराने शहरात बिऱ्हाड ठेवावे, आठवड्यातून दोनतीन दिवस गावाला तोंड दाखवावे आणि उरलेल्या दिवशी ‘साहेब मीटिंगला गेले आहेत’ या एका वाक्यावर कचेरी चालवावी, ही पद्धत महाराष्ट्राच्या कोणत्याही डोंगरी तालुक्याला अपरिचित नाही. मुख्यालयी राहण्याची अट नियमांत आहे. तिच्यावरून वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. ज्या जिल्ह्यातील नेमणूक ही नोकरशाहीच्या बोलण्यात ‘शिक्षेची बदली’ म्हणून ओळखली जाते, तेथे हजेरीची ढिलाई ही यंत्रणेच्या वृत्तीतच मुरलेली असते. अशा ठिकाणी लवचीक कचेरीचा पुरस्कार करणे म्हणजे रिकाम्या खुर्चीला शास्त्राधार मिळवून देणे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कारण त्या खुर्चीसमोर जो उभा राहतो त्याच्या प्रवासाचा हिशेब कोठल्याच आराखड्यात नसतो. अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगाव. तेथून तळोद्याकडे उतरणारा चांदसैलीचा घाट पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील नर्मदाकाठच्या ३३ गावांना सरदार सरोवराच्या पाण्याने ग्रासले. त्या काठच्या पाड्यांवर जावयाचे तर आजही होडीचा आधार घ्यावा लागतो. अशा पाड्यावरचा माणूस जातीच्या दाखल्यासाठी, वनहक्काच्या दाव्यासाठी किंवा वारसाच्या नोंदीसाठी निघतो तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते आणि पुष्कळदा मुक्कामही पडतो. कारकुनाचा ‘घरून कामाचा’ दिवस आणि याचा दिवस एकच निघाला, तर त्या लवचीकपणाची किंमत कोणी दिली? कारकुनाने नाही, सरकारनेही नाही. जो सर्वांत कमी देऊ शकतो त्यानेच ती दिली.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधारपत्र याच जिल्ह्यातील टेंभली या गावी, तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देण्यात आले. सरकार नागरिकाच्या घरापर्यंत यंत्रासह पोचू शकते, अशी ती ग्वाही होती. परंतु यंत्र पोचविणे आणि कारभार पोचविणे यांत अंतर आहे. बोटाचा ठसा जुळला नाही, किंवा डोंगराआड मोबाइलची रेंज सापडली नाही, की तोच नागरिक पुन्हा माणूस शोधीत कचेरीच्या पायरीवर येतो. यंत्राने नव्वदांची रांग मोडली तरी उरलेल्या दहांना माणूसच लागतो, आणि ते दहा बहुधा सर्वांत दूरचे असतात.

मग उपाय कोणता? आम्हांस तो परदेशी आराखड्यांपेक्षा आपल्याच जुन्या कारभारात अधिक स्पष्ट दिसतो. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा कलेक्टर हिवाळा सुरू झाला की तंबू, पेट्या, दप्तर आणि कारकून घेऊन दौऱ्यावर निघे. ज्या गावाच्या आमराईत डेरा पडे तेथेच कचेरी भरे. अर्ज तेथेच घेतले जात, हद्दीचे तंटे तेथेच पाहिले जात. त्या कारभाराचा हेतू सारावसुलीचा होता, लोकसेवेचा नव्हता, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु कचेरी म्हणजे इमारत नव्हे, अधिकार असलेला माणूस आणि त्याचे दप्तर जेथे एकत्र येतील ती कचेरी, हे सूत्र त्या परक्या सत्तेला उमगले होते. स्वराज्यात इमारती वाढल्या, मोटारी वाढल्या, आणि डेरे मात्र मोडले. मधूनमधून शिबिरे भरतात. २०२३ साली ‘शासन आपल्या दारी’ या नावाने राज्यभर मेळावे झाले. परंतु मेळावा हा सण आहे आणि कारभार हे रोजचे जेवण आहे. सणाच्या पक्वान्नावर वर्ष निघत नाही.

तेव्हा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात लवचीक कचेरी बांधावयाची तर आरंभ टेबलांपासून न करता कामापासून करावा. सरकारी काम स्थूलमानाने तीन प्रकारचे असते. पहिले समोरासमोरचे: अर्ज घेणे, जबाब नोंदविणे, सुनावणी करणे, दाखला हाती देणे. दुसरे एकांताचे: टिपणी लिहिणे, हिशेब जुळविणे, नोंदी तपासणे. तिसरे हिंडण्याचे: पाहणी, मोजणी, पंचनामा. यांपैकी केवळ दुसरे काम घरून किंवा कोठूनही करता येते. आणि ई-ऑफिसची पद्धत आल्यापासून ते अधिक सुकर झाले आहे. पहिले काम करणारी खिडकी कामकाजाच्या एकाही दिवशी रिकामी राहता कामा नये. तिसऱ्या कामासाठी तर टेबल असूनही उपयोग नसतो. तीनही प्रकारच्या माणसांना एकाच मापाची खुर्ची, एकाच मापाचे टेबल आणि एकच हजेरीपुस्तक देणे, ही आजच्या आखणीतील मूळ चूक आहे.

या विभागणीतून इमारतीचा नकाशा आपोआप निघतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नावाच्या स्वतंत्र खोल्या कमी कराव्यात. दौऱ्यावरून येणाऱ्यांसाठी सामाईक टेबले, प्रत्येकाला कुलपाचा एक खण, आणि दूरस्थ सुनावणीसाठी आवाज बाहेर न जाणाऱ्या दोनतीन लहान खोल्या, एवढे पुरे. अशा रीतीने वाचलेली जागा आणि वाचलेला पैसा तालुक्याच्या ठिकाणी आणि त्याहीपुढे मोलगीसारख्या मोठ्या बाजारगावी न्यावा. आठवडे बाजाराच्या दिवशी डोंगरातला माणूस मीठमिरचीसाठी उतरतच असतो. त्याच दिवशी त्याच गावी महसूल, वन, आरोग्य, पुरवठा अशा खात्यांची माणसे एका छपराखाली बसली तर त्याची वेगळी फेरी वाचते. तेथे खात्यांच्या नावाच्या भिंती नकोत. सरकत्या आडोशांची खरी उपयुक्तता येथे आहे: बाजाराच्या दिवशी सहा खिडक्या, इतर दिवशी दोन, रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी एक मोठी खोली. एकच वास्तू वाराप्रमाणे रूप पालटील आणि एकही दिवस ओस पडणार नाही.

बांधणीच्या बारीकसारीक गोष्टींतही येणाऱ्या माणसाचा विचार आधी हवा. जुन्या कचेऱ्यांना रुंद पडवी असे. तिच्या सावलीत अर्जनवीस बसत आणि पक्षकार विसावत. नव्या इमारतींनी पडवी काढून काच बसविली. जेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेथे काचेची भिंत म्हणजे आतल्याला विजेचे बिल आणि बाहेरच्याला चटका. पडवी, पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छ शौचालय, तान्ह्या मुलाला पाजण्यास आडोसा, अपंगांसाठी उतार, वीज गेल्यावरही यंत्रे चालावीत अशी सौर उर्जेची सोय, आणि भिली, पावरी, मावची बोलणाऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारा एक तरी माणूस: या गोष्टी रंगीत नियतकालिकांतील आदर्श कचेऱ्यांच्या चित्रांत दिसत नाहीत. आमच्या मते लवचीकपणाचा पहिला धडा तोच आहे.

आणि यासोबत एक कडक नियम हवा. दारावर फळा असावा. कोणता अधिकारी कोणत्या वारी, कोणत्या गावी, किती वाजता भेटेल, हे त्यावर ठळक लिहिलेले असावे. आणि लिहिलेल्या वेळी तो न भेटल्यास ती गैरहजेरी समजावी, मग त्या दिवशी त्याने घरी बसून शंभर टिपण्या का लिहिलेल्या असेनात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ पासून सेवा मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. सेवा मिळण्याच्या स्थळाचा आणि वाराचा हक्क हा त्याच हक्काचा पुढचा टप्पा होय. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला तेव्हा रोजच्या कामाची पाऊण तासाने वाढविलेली वेळ ही त्याची भरपाई म्हणून सांगितली गेली. सायंकाळी सव्वासहापर्यंत कचेरी उघडी असण्याचा उपयोग शेवटची बस त्यापूर्वीच सुटणाऱ्या गावच्या माणसाला काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. तो यापुढे तरी विचारला जावा.

खासगी नोकरीतील मंडळींचा विचारही या संदर्भात करावयास हवा. शहाद्याची, नवापूरची, नंदुरबारची शिकलेली मुले पुण्यात आणि सुरतेत नोकऱ्या करतात. टाळेबंदीत त्यातील कित्येक घरी परतली आणि महिनोन्‌महिने वडिलांच्या ओसरीवरून परदेशच्या कंपन्यांची कामे करीत राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरसंचारविषयक नियम सैल केल्याने अशा कामातील पुष्कळशा कायदेशीर अडचणीही दूर झाल्या. तरी ती मुले पुन्हा गेली. कारण घर ही राहण्याची जागा आहे, कामाची नव्हे. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ‘घरून काम’ आणि ‘घरकाम’ यांतील अंतर नाममात्रच उरते. अशांसाठी तालुक्याच्या गावी परदेशी थाटाची महागडी दालने नकोत. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी गावोगाव निघालेल्या अभ्यासिका पाहा: महिन्याचे वाजवी भाडे, एक टेबल, एक दिवा, इंटरनेट आणि शांतता. लवचीक कचेरीचा देशी नमुना तो हाच. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी ज्यांच्या खोल्या दुपारी कुलपात असतात त्यांनी त्या अशा कामासाठी उघडल्या तर ग्रंथालयाला चार पैसे मिळतील आणि गावाला आपली माणसे.

अर्थात आमच्या या सूचनांना उत्तर तयार आहे, हे आम्ही जाणतो. माणसे अपुरी आहेत, पदे रिक्त आहेत, रेंज नाही, रस्ते नाहीत, असे सांगितले जाईल. त्यातील प्रत्येक विधान खरे आहे. परंतु याच जिल्ह्यात तरंगत्या दवाखान्यांनी नर्मदेच्या पाण्यावरून औषधे नेली आहेत. आणि २०२० च्या टाळेबंदीत नदीकाठची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवीत पलीकडच्या पाड्यांवरील बालकांना आणि गरोदर स्त्रियांना आहार पोचवीत होती, हे सर्व देशाने वाचले. तिला रस्ता नव्हता, दालन नव्हते, चाकांचे टेबलही नव्हते. काम कोणाकडे पोचावयाचे आहे, हे तिला ठाऊक होते, आणि तिची कचेरी त्या दिशेने हलली. तुटपुंज्या मानधनावरील एका स्त्रीला जे आपल्या बळावर साधले ते भरपगारी यंत्रणेला अशक्य आहे, हे आम्ही मान्य करणार नाही. तिच्या एकटीच्या हिमतीवर विसंबून राहणे मात्र सरकारला शोभणारे नाही. जे तिने कर्तव्यबुद्धीने केले ते पद्धतीने घडवून आणण्यासाठीच तर आखणी करावयाची असते.

शहरातील सुशिक्षित वाचक या वादात बहुधा खुर्चीच्या अलीकडच्या बाजूला असतो. घरून काम करण्याचे दोन दिवस वाढावेत की घटावेत, एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि तो क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु बँकेत, दवाखान्यात, कचेरीत तोही केव्हा ना केव्हा पलीकडच्या बाजूला उभा राहतोच. आणि त्या वेळी समोरची खुर्ची कोणाच्या सोयीने रिकामी आहे, हा प्रश्न त्यालाही पडतो. लवचीकपणा हा गुण खरा; पण वेतही कोणत्या बाजूला वाकतो यावर त्याची टोपली होणार की छडी, हे ठरत असते. नंदुरबारच्या डोंगरातील माणूस आजवर कचेरीपुढे पुष्कळ वाकला. आता कचेरीने त्याच्याकडे वाकावे, एवढीच या नव्या वास्तुविद्येकडून आमची अपेक्षा आहे.